नारिंगी कांडी

१

आलुबुखारं आटवायला घेतली की कढई सोडून हलता येत नाही. आमच्याकडे त्यात साखर घालत नाहीत, नुसतं फळ असतं. त्यामुळे हात जरा थांबला की तळाला धरतं आणि मग अख्खा हिवाळा करपलेलं खावं लागतं, वर सासूची बोलणी. अंगणात चूल, चुलीवर तांब्याची कढई, हातात माझ्या उंचीची लाकडी पळी, आणि सकाळपासून दिवस कलेपर्यंत गोल गोल. त्या दिवशी मी तेच करत होते, आणि माझा नवरा युस्तिन मागच्या वाफ्यात पैसे पेरत होता.

थट्टा नाही, खरोखर पेरत होता. त्याला जमिनीतल्या जुन्या धातूच्या वस्तू शोधायचा नाद आहे. पोलिसांचा परवाना आहे, मोठं यंत्र आहे. रविवारी कानाला हेडफोन लावून तो नांगरलेल्या शेतांतून फिरतो. पण मोठं यंत्र नुसती जागा दाखवतं. खड्ड्यात हात घातल्यावर, मातीच्या ढेकळात नाणं नेमकं कुठे दडलंय, ते त्याला सांगता येत नाही. त्यासाठी गाजराएवढी एक कांडी मिळते. दुकानात तिला पिनपॉइंटर म्हणतात. धातू जवळ आला की वाजते, आणि जितका जवळ तितकी घाईघाईने वाजते.

त्याची जुनी कांडी पावसात भिजून बंद पडली होती. नवीसाठी दोन होत्या समोर. एक नारिंगी, त्याच्या जेलू नावाच्या मित्राची. जेलूला ती विकायची होती, म्हणून वापरून बघायला दिली होती. दुसरी काळी, दुकानातून आणलेली, पटली नाही तर परत करायच्या बोलीवर. कुठली ठेवायची हे ठरवायला ही माणसं एक वाफा करतात. ओळीने खड्डे, प्रत्येकात वेगळी वस्तू, कुठे नाणं, कुठे गणवेशाचं बटण, कुठे बंदुकीची गोळी, कुठली बोटभर खोल, कुठली वीतभर. वरून माती लोटायची, काडी रोवायची, आणि मग बघायचं कुठली कांडी काय ऐकते. त्याने हे सगळं माझ्या कांद्याच्या वाफ्यात मांडलं होतं.

"मला तिथे लसूण लावायचाय," मी चुलीवरून ओरडले.

"लाव की. नाण्यांच्या मधे मधे लाव. उगवलं तर वाटून घेऊ."

सासूबाई पायरीवर बसून फळांतल्या बिया काढत होत्या. त्यांचं नाव प्रोफिरा, आणि जीभ गावात प्रसिद्ध. "लोकांची मुलं जमिनीतून बटाटे काढतात," त्या म्हणाल्या. "माझा बटणं काढतो. पॅन्टला मात्र एक नाही."

आणि इलिंका, आमची मुलगी, वाफ्यात बसून बाबाचे खड्डे बुजवत होती.

२

इलिंकाबद्दल आधी सांगायला हवं.

हिवाळ्यात ती गवताच्या माळ्याच्या शिडीवरून पडली. डावी मांडी मोडली. तालुक्याच्या दवाखान्यात हाडाच्या आत दोन पातळ सळ्या घातल्या. डॉक्टर म्हणाले, हाड सांधलं की काढून टाकू, द्राक्षांचा हंगाम संपला की या. तोपर्यंत ती लंगडत होती. आमच्या ओसरीला फळ्या आहेत. त्यावरून ती चालली की टक, घस. टक, घस. स्वयंपाकघरात पाठमोरी असले तरी ती कुठे आहे ते मला कळायचं.

तिचं जेवणाचं मोठं नाटक. मक्याच्या घट्ट लापशीचा एक घास गालात धरून ती अर्धा तास बसायची. रात्री दुखायचं, उठायची, मला उठवायची. सासूबाई मला म्हणायच्या, "या पोरीने तुझी हाडं चघळली, सांदा. आरशात बघ एकदा." खोटं नव्हतं. मी उभ्या उभ्या झोपायला लागले होते.

पण कांड्या घरात आल्या तशी तिची मजा झाली. युस्तिन रोज तिच्या मांडीवर त्यांची परीक्षा घ्यायचा. काळी फक्त टेकल्यावर गुरगुरायची. नारिंगी मात्र तळहाताएवढ्या अंतरावरून, कपड्यांवरूनसुद्धा वाजायची. आणि ती मांडीवरून आडवी फिरवली की दोनदा वाजायची, मधे इवलीशी फट ठेवून. कारण सळ्या दोन.

"बाबा, माझ्यात बेडूक आहेत," इलिंका खिदळायची.

"बेडूक नाही, खजिना. सरपंचाला कळवावं लागेल. नेतील तुला संग्रहालयात."

"काचेत ठेवतील?"

"काचेत. आणि आज्जी तिकीट फाडेल."

जेलूचं आणि त्याचं यावरून रोज वाजायचं. जेलू म्हणायचा लांबून ऐकणारीच घ्यावी. युस्तिन म्हणायचा लांबून ऐकणारी अरुंद खड्ड्यात गोंधळ घालते, सगळीकडेच वाजते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला नारिंगी आवडायची, कारण ती वाजली की वाटायचं, पोरीच्या आत डॉक्टरांनी जे ठेवलंय ते जागेवर आहे. मुलगी जागेवर आहे.

३

आटवायच्या दिवशी दुपारनंतर रस घट्ट झाला. ही वेळ सगळ्यात वाईट. बुडबुडे फुटून हातावर उडतात आणि पळी थांबवून चालत नाही. जेलूची गाडी फाटकाशी आली म्हणून युस्तिन वाफा सोडून तिकडे गेला. सासूबाई बरण्या आणायला तळघरात उतरल्या. इलिंका वाफ्यात एकटी होती, घराच्या कोपऱ्यापलीकडे. मला दिसत नव्हती, म्हणून मी हाका मारत होते.

"इलिंका!"

"काय!"

थोड्या वेळाने परत. "इलिंका!"

"काऽऽय!" वैतागून.

मग एकदा हाक मारली आणि काही आलं नाही.

मी पळी फिरवत राहिले. म्हटलं, ऐकलं नसेल. परत हाक मारली. कढईत रस फुटत होता, फाटकाशी जेलू हसत होता. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या पाठीशी, अगदी जवळून, कोणीतरी म्हणालं, "काय."

ती उभी होती. ओठांपर्यंत माती. नखांत माती, भुवयांवर माती. मी कमरेच्या फडक्याने तिचं तोंड पुसलं आणि रागावले. ती ओसरीवरून आज्जीकडे पळाली. मी पळीकडे वळले. वास आला होता. तळाला धरलं होतं.

रात्रीची भांडी घासताना लक्षात आलं, की ओसरीवरून ती पळाली तेव्हा नुसतं टक टक टक ऐकू आलं होतं. घस नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी घरात सण होता जणू. इलिंका सरळ चालत होती. सासूबाईंनी तिला अंगणभर चालायला लावलं, शेजारणीला कुंपणावरून दाखवलं. लापशी, वर मेंढीचं चीज, अंडं, सगळं ताट तिने चाटून संपवलं आणि ताट पुढे केलं. रात्रभर झोपली. मीही झोपले. किती महिन्यांनी झोपले.

सकाळी उठून ताजीतवानी होते. रोजचा खेळ म्हणून नारिंगी कांडी काढली आणि तिच्या मांडीजवळ नेली.

वाजली नाही.

टेकवली. वर नेली, खाली नेली. उजव्या मांडीला लावून बघितली, म्हटलं माझंच डावं-उजवं चुकत असेल. काही नाही.

"युस्तिन, हिचा आवाज गेला."

"कुणाचा? तुझा जाईल तर बरं," तो आतून म्हणाला, मग आला. "कुठे धरून सुरू केलीस?"

"इथेच."

"तेच तर. कांडी सुरू करताना जवळ धातू असला, तर ती त्यालाच शून्य धरते. तिला वाटतं जग असंच असतं. मग तो धातू तिला ऐकू येत नाही. सगळे नवखे हीच चूक करतात, खड्ड्यात हात घालून बटण दाबतात आणि म्हणतात नाणं गेलं कुठे. लांब उभं राहून सुरू करायची आणि मग जवळ न्यायची. सातवीत शाळा सोडलेल्या बाईच्या हातात यंत्र दिलं की असं होतं."

मला बरं वाटलं, खरंच सांगते. तो बोलला त्याचं काही नाही, कारण सापडलं याचं बरं वाटलं. तो कामाला गेल्यावर मी कांडी घेऊन पार कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडे गेले. अंगठी काढली. हात वर धरून बटण दाबलं. मग तशीच हात वर करून, देवाची मिरवणूक नेतात तशी, चालत घरात आले. दाराच्या बिजागरीला नेली, ओरडली. चमच्याला नेली, ओरडली. इलिंकाच्या मांडीला नेली.

स्वयंपाकघरात माशी फिरत होती तिचा आवाज येत होता, इतकी कांडी गप्प होती.

इलिंका हसली नाही, हलली नाही. शिंपी माप घेताना मोठी माणसं उभी राहतात तशी उभी राहिली.

"झालं?" तिने विचारलं.

मी तिची चड्डी वर करून टाक्यांची खूण बघितली. होती. जिथे होती तिथेच, गुलाबी, किड्यासारखी. तिच्यावर बोट फिरवलं. पूर्वी खाली टणक टोक लागायचं. आता मऊ होतं, पावाच्या पिठासारखं, बोट आत जात होतं.

५

मी दवाखान्यात फोन केला. नर्सला वाटलं मी घाबरट आई आहे. तशी मी आहेच.

"ताई, त्या सळ्या विरघळत नाहीत," ती म्हणाली. "कुठे जाणार? आतच असणार."

"आणि नसल्या तर?"

"नसल्या तर," ती हसली, "ती तुमची मुलगी नाही, दुसऱ्या कुणाची तरी आणलीत. तारखेला या, फोटो काढू, समजेल."

फोटोत समजेल. मी त्या शब्दाला धरून राहिले. बाकी काय काय मनात येत होतं ते मी स्वतःलाच सांगत नव्हते. दिवसभर तिच्याकडे बघायचे. तीच जिवणी, तोच भोवरा डोक्यात. मी नीट विचार करायचे, की बाई, तुला झोप नाही मिळाली कित्येक महिने, आता मिळाली तर डोकं उलटं चालतंय.

मग एका दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले, तर युस्तिन खोलीत होता. दार अर्धं उघडं. इलिंका पलंगावर झोपली होती, आणि तो वाकून तिच्या मांडीवरून नारिंगी कांडी फिरवत होता. हळूहळू. एकदा डावी, एकदा उजवी. मग त्याने ती स्वतःच्या पट्ट्याच्या बक्कलला लावली. वाजली. परत मांडी. गप्प. तो तसाच वाकलेला राहिला, पाठ मोडल्यासारखा. मग त्याने पांघरूण तिच्या हनुवटीपर्यंत ओढलं, अगदी प्रेमाने, आणि मागे न बघता खिडकीतून बाहेर बघत बसला.

मी वाट बघत राहिले की आता बोलेल. जेवताना बोलेल.

जेवताना तो म्हणाला, "काळी ठेवतोय. नारिंगी जेलूला देऊन आलो."

"लांबून ऐकते ना ती?"

"नको तितकं ऐकते." त्याने इलिंकाच्या ताटात अजून एक चमचा वाढला. "आणि ते ऑपरेशनचं मी रद्द केलं. पोरगी पळतेय, उड्या मारतेय. कशाला परत फाडायचं?"

"युस्तिन, सळ्या..."

"राहू देत की आत. लोक अंगात बंदुकीच्या गोळ्या घेऊन म्हातारे होतात."

सासूबाईंनी पाव मोडला. "बरं झालेल्याची चौकशी करू नये, पोरी," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या नेहमी बघतात, डोळ्यांत डोळे घालून टोचतात. त्या दिवशी त्यांनी मिठाच्या भांड्याकडे बघितलं.

६

कांडी ठरली, म्हणजे वाफा मोकळा झाला. मी काळी घेऊन त्याच्या वस्तू उपटायला बसले, तेवढंच काहीतरी करायला. काडी दिसली की माती उकरायची, कांडी टेकवायची, गुरगुरली की बोट घालायचं. नाणं निघालं. बटण निघालं. गोळी निघाली. शेवटच्या काडीपलीकडे काही पुरलेलं नव्हतं, माती नुसती थापटलेली होती, लहान तळहातांचे ठसे होते. मी हात टेकून उठणार होते, कांडी सुरूच होती, ती मातीला लागली.

गुरगुरली.

मी वरची माती बाजूला केली. आडवी फिरवली. गुरगुर. फट. गुरगुर.

म्हटलं, तार असेल. जुन्या कुंपणाच्या दोन तारा असतील. मी वीतभर उकरलं. आवाज तसाच, जवळ नाही लांब नाही. मी खाली गेले तसं तेही खाली गेलं होतं. मग मी थांबले. कोपर मांडीवर टेकवून हात स्थिर ठेवला, श्वास धरला. कांडी हलत नव्हती. आवाज मात्र घाई करायला लागला. आधी सुटा सुटा, मग जवळ जवळ, मग एकसारखा.

मी कांडी धरून ठेवली होती. खालून काहीतरी तिच्याकडे येत होतं.

"तिथे नको खणू, आई."

इलिंका वाफ्याच्या कडेला उभी होती. हातात पाव आणि मध. मध मनगटावरून ओघळत होता, तो ती चाटत नव्हती.

"का ग?"

"तिथे गार आहे," ती म्हणाली. "तुझे हात गार होतील."

मी दोन्ही हातांनी माती उपसायला लागले. नखं मोडली. मी ओरडत होते बहुतेक, कारण सासूबाई आल्या आणि त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. त्या वयात एवढं बळ कुठून आलं देव जाणे. "शेजारी बघतायत," त्या दातांतून म्हणाल्या. "वेडी ठरवतील तुला. पोरगी काढून घेतील तुझ्याकडून. तेच पाहिजे?"

"कुठली पोरगी, आई?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या मुस्काटात मारली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. आणि मग त्या स्वतःच रडायला लागल्या, रडत रडत पायाने माती लोटायला लागल्या. इलिंका पुढे आली आणि तिने आज्जीला मदत केली. दोन्ही पायांनी, उड्या मारून मारून, माती घट्ट केली.

संध्याकाळी मी परत जाऊन काळी टेकवली. काही नाही. ती टेकल्याशिवाय ऐकत नाही, आणि ते आता खोल गेलं होतं.

७

रविवारी सासूबाई इलिंकाला घेऊन चर्चमध्ये गेल्या. युस्तिन यंत्र घेऊन शेतांकडे. मी जेलूकडे पळत गेले.

जेलू ओट्यावर बसून बूट घासत होता. "वहिनी! तुम्हीपण नादाला लागलात? घरात एक वेडा पुरे होता ना?"

"नारिंगी दे. दुपारपर्यंत."

"मला वाटलं युस्तिन घेणारच. भाव करत होता, पाडून मागत होता. आणि परवा येऊन नुसती टेबलावर टाकून गेला. चहासुद्धा घेतला नाही. म्हणे नको तिथे गप्प बसते." तो हसला. "मी म्हटलं, नको तिथे वाजते असं म्हणायचंय का तुला? तर म्हणे, नाही."

मी हात पुढे केला. माझी बोटं बघून त्याचं हसू गेलं.

"वहिनी, घरी सगळं ठीक आहे ना? पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हणाले. "सगळे म्हणतात."

८

मी कुदळ घेतली. लहान खड्डे करायची त्यांची पद्धत सोडून दिली आणि कबर खणतात तसं खणलं. कमरेएवढं गेल्यावर नारिंगी वाजली. एक, फट, दोन. मी हसले. ते ऐकून कुत्रं भुंकलं.

"इलिंका!" मी खड्ड्यात तोंड घालून हाक मारली. "आई आहे! आले मी!"

खालून शब्द आला नाही. कांडी मात्र घाईघाईने वाजायला लागली.

माझ्यावर सावली पडली. युस्तिन होता, खांद्यावर यंत्र, बुटांना चिखल. फाटकातून सासूबाई आत येत होत्या, इलिंकाचा हात धरून, रविवारचे पांढरे कपडे.

"ऐक," मी त्याला म्हणाले. "तुला येतं ना हे सगळं? ऐक आणि सांग काय आहे."

तो खड्ड्यात उतरला. त्याने माझ्या हातातून कांडी घेतली, खाली नेली, आडवी फिरवली. एक, फट, दोन. त्याचा चेहरा मी बघितला. लग्नात बघितला होता, पोरीचं हाड मोडलं तेव्हा बघितला होता, असा कधी बघितला नव्हता. तो ओळखत होता तो आवाज. रोज त्यानेच तर वाजवला होता.

मग त्याने कांडी बंद केली. तशीच मातीला टेकवली, आणि टेकवलेली असतानाच बटण दाबलं.

गप्प.

"बघ," तो म्हणाला. "काही नाही."

"तू खड्ड्यात सुरू केलीस! तूच मला..."

"काही नाही, सांदा. वर ये."

मी त्याला ढकललं आणि पालथी पडले. तळाशी माती भुसभुशीत होती. मी हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, गाल मातीला चिकटला. खरंच गार होतं. तिने सांगितलं होतं तसंच. बोटं लांब केली, अजून लांब केली, आणि काहीतरी माझ्या बोटांना लागलं आणि मिटलं.

लहान हात होता. पाच बोटं. माझी दोन बोटं घट्ट धरली त्याने.

"युस्तिन, हात आहे! हात आहे रे तिचा! मला धर, ओढ मला!"

तो हलला नाही. मी मान वळवून जेवढं दिसेल तेवढं बघितलं. त्याचे बूट दिसले. ते दोन पावलं मागे गेले.

"हात काढून घे," तो म्हणाला.

"जिवंत आहे! धरलंय तिने मला!"

"सांदा." तो रडत होता, पण बोलणं सरळ होतं, बाजारात ठरवून आलेल्या माणसासारखं. "ही चालते. ही जेवते. रात्री झोपते, तू झोपतेस. ती वर आली तर परत ते सगळं. आणि मग हिचं काय करायचं? सांग ना, हिचं काय करायचं आपण?"

मी ओढत होते. हात येत होता, हळूहळू, मूठ सुटत नव्हती. मनगट माझ्या अंगठ्याला लागलं. अजून थोडं, मग दुसरा हात घालता आला असता.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, पायरीवर, ती रडली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि माझ्या इलिंकाचं रडणं, तंतोतंत, शिडीवरून पडली होती तेव्हाचं. आधी श्वास अडकतो, काहीच येत नाही, आणि मग एकदम फुटतं. "आईऽऽ!"

मी ठरवलं नाही काही. कुठल्याही आईला विचारा. मान वळली, खांदा वळला, हात नुसता वीतभर वर आला, पडलेल्या पोराला उचलायला येतो तसा.

खाली बोटं घसरली. नखं माझ्या तळव्यावरून ओरबाडत गेली, आणि मग नुसती माती.

मी परत हात खुपसला. डोकं खुपसलं. माझ्या खालून काहीतरी खचत गेलं, लांब लांब, पोतं ओढत नेल्यासारखा आवाज करत, आणि थांबला तो आवाज.

रडणंही तिथल्या तिथे थांबलं.

मी बाहेर आले. गुडघ्यांवर रांगत पायरीपर्यंत गेले. ती पांढऱ्या कपड्यांत उभी होती, सासूबाईंनी तोंड फिरवलं होतं. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि वर केला. कुठे लागलं नव्हतं, कुठे पडली नव्हती. तिचे गाल कोरडे होते.